थोरांची ओळख : फर्डिनांड किटेल



धारवाडात राहणाऱ्या कोणालाही ‘किटेल कॉलेज’ हे नाव नवीन नाही. आपल्यापैकी अनेकांचे दादा, ताई, काका, आत्या याच नावाच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले आहेत. पण हे किटेल कोण, ते कुठून आले आणि एका जर्मन माणसाचे नाव आपल्या गावाने इतक्या आपुलकीने का जपले, असे विचारले तर बहुतेकांची उत्तरे एका वाक्यात संपतात : त्यांनी कन्नडचा मोठा शब्दकोश केला. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. त्या कोशामागे परदेशी जाण्याची केवढी तयारी होती आणि एका कुटुंबाने त्याची काय किंमत मोजली, हे समजले म्हणजे त्या नावाचे मोल कळते. म्हणून या अंकात फर्डिनांड किटेल यांची ओळख करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

फर्डिनांड किटेल यांचा जन्म एप्रिल १८३२ मध्ये जर्मनीच्या उत्तर टोकाला, समुद्राजवळच्या ओस्टफ्रीसलँड भागातील रेस्टरहाफे या लहान गावी झाला. त्यांचे वडील गॉटफ्रीड किटेल हे प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात पुस्तके होती, प्रार्थना होती आणि शिस्त होती. श्रीमंती मात्र नव्हती. फर्डिनांडचे शालेय शिक्षण जवळच्या आउरिख या गावच्या विद्यालयात झाले. त्या काळच्या अशा विद्यालयांत लॅटिन, ग्रीक यांसारख्या प्राचीन भाषांवर मोठा भर असे. व्याकरण बारकाईने पाहण्याची आणि शब्दाचे मूळ शोधण्याची सवय त्यांना इथेच लागली. पुढे हीच सवय कन्नडच्या कामी आली.

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. किटेल जन्मले त्याच साली, म्हणजे १८३२ मध्ये, विल्यम रीव्ह या इंग्रज मिशनऱ्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. हा कोश मागे पडावा इतके मोठे काम करणारे मूल त्या वेळी हजारो मैल दूर पाळण्यात होते.

बासेलमधील तयारी

वयाच्या अठराव्या वर्षी, १८५० मध्ये, किटेल स्वित्झर्लंडमधील बासेल या शहरी गेले. तिथे ‘बासेल मिशन’ ही संस्था होती. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे काम परदेशी पाठवायचे मिशनरी तयार करणे हे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात पूर्वी मिशनऱ्यांना सहज प्रवेश नसे. १८३३ च्या सनदेनंतर इंग्रज नसलेल्या मिशनऱ्यांनाही वाट मोकळी झाली आणि १८३४ मध्ये बासेलचे पहिले तीन मिशनरी पश्चिम किनाऱ्यावर उतरून मंगळूरला आले. १८३७ मध्ये त्यांनी धारवाडात आणि १८३९ मध्ये हुबळीत केंद्र उघडले. म्हणजे किटेल बासेलला शिकायला गेले तेव्हा धारवाड हे नाव तिथल्या वर्गात आधीच ओळखीचे झाले होते.

बासेलचे बहुतेक विद्यार्थी दक्षिण जर्मनीतील शेतकरी आणि कारागीर घरांतून येत. धर्मशास्त्राबरोबर त्यांना हाताची कामेही करावी लागत. किटेल त्यांच्यात थोडे वेगळे पडले. ते उत्तरेकडचे होते आणि प्राचीन भाषा शिकून आले होते. तीन वर्षे त्यांनी तिथे शिक्षण घेतले.

आज कोणी परदेशी जायचे ठरवले तर पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि बॅगा एवढ्यात तयारी आटोपते. महिन्याभरात कंटाळा आला तर माणूस परत येतो. त्या काळी तसे नव्हते. सुएझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी भारतात यायचे तर एक तर संपूर्ण आफ्रिका खंडाला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजात बसायचे, नाहीतर इजिप्तपर्यंत एका जहाजाने येऊन जमिनीवरून सुएझ गाठायचे आणि तिथून दुसरे जहाज धरायचे. पत्राच्या उत्तराला कित्येक महिने लागत. घरी कोणी आजारी पडले तर ती बातमी हाती येईपर्यंत ते माणूस बरे तरी झालेले असे, नाहीतर गेलेले असे. त्यामुळे निघतानाचा निरोप हा कायमचाच समजून घ्यावा लागे. आई-वडिलांनाही तसाच तो द्यावा लागे.

संस्थेचे नियमही कडक होते. तरुणाने अविवाहितच निघायचे. काही वर्षे काम केल्यावर लग्नाची परवानगी मागायची आणि ती बासेलची समिती देईल तेव्हाच लग्न करायचे. वधूची निवडही समितीच्या संमतीने होई. अनेक मुली ज्याला कधी पाहिलेही नाही अशा नवऱ्याशी लग्न करण्यासाठी एकट्या जहाजात बसून भारतात आल्या. आपल्याकडेही पूर्वी मुलगी न पाहता लग्ने होत. पण माहेर निदान बैलगाडीच्या टप्प्यात असे.

धारवाडच्या मुलखात

१८५३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, किटेल मंगळूरला उतरले. याच वर्षी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली होती. आपल्या भागात मात्र रेल्वे यायला अजून तीस वर्षे होती. घाट चढून धारवाडला यायचे ते पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने.

त्या वेळचे धारवाड मुंबई इलाख्यात होते. पेशवाई १८१८ मध्ये संपली तरी कचेरीत मराठीचा वापर बराच होता आणि सुरुवातीच्या सरकारी शाळाही मराठीच होत्या. घराघरांत आणि बाजारात बहुसंख्य लोक कन्नड बोलत, पण त्यांच्या मुलांना शाळेत मराठी शिकावे लागे. ही अडचण ओळखून डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या माणसांनी कन्नड शाळांसाठी पुढे मोठी खटपट केली. आपण मराठी भाषकांनीही हा इतिहास माहीत करून घ्यावा. आपल्या भाषेवर प्रेम असणे आणि शेजाऱ्याच्या भाषेला तिची जागा मिळावी असे वाटणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

किटेल यांनी मन लावून कन्नड शिकायला सुरुवात केली. नुसती बोलण्यापुरती भाषा शिकून ते थांबले नाहीत. लोकांमध्ये राहायचे तर त्यांच्यासारखे राहिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. ते गावोगाव पायी हिंडत, लोकांशी बोलत, म्हणी ऐकत, पंडितांकडे बसून जुने काव्य वाचत. त्यांच्या सहकाऱ्यांना आणि वरिष्ठांना हे सगळे रुचले असे नाही. मिशनरी हा धर्मप्रसारासाठी आला आहे, ग्रंथ चाळण्यासाठी नव्हे, असे अनेकांना वाटे. या मतभेदांमुळे किटेल यांना बरेचदा एकटे पडावे लागले. त्यांच्या बदल्या झाल्या आणि मंगळूरच्या छापखान्याचे कामही त्यांच्याकडे आले. पण ज्याला शब्दांची ओढ आहे त्याला छापखान्यात पाठवणे ही काही शिक्षा ठरत नाही!

किटेल धर्मप्रसारासाठीच भारतात आले होते आणि ते काम त्यांनी कधी सोडले नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १८६२ मध्ये त्यांनी ‘कथामाले’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात येशूचे चरित्र कन्नड छंदांत गुंफले होते. परक्या देशाची गाणी भाषांतर करून देण्यापेक्षा इथल्याच चालीत सांगावे, हा त्यांचा विचार त्यात दिसतो. त्यांच्या धर्ममतांशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. इथल्या धर्मांबद्दल त्यांनी जे लिहिले त्यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. पण भाषेच्या क्षेत्रात त्यांनी जे केले ते सर्व धर्मांच्या माणसांनी आपले मानले.

संसाराची किंमत

१८६० मध्ये किटेल यांचा पाउलिन आयट यांच्याशी विवाह झाला. हा संसार फार टिकला नाही. अवघ्या काही वर्षांत पाउलिन निवर्तल्या. पुढे १८६७ मध्ये त्यांनी पाउलिनच्या बहिणीशी, यूली यांच्याशी, लग्न केले. पाठच्या बहिणीने दिवंगत बहिणीचा संसार पुढे चालवावा, ही गोष्ट आपल्या समाजालाही अपरिचित नाही.

उष्ण हवा, ताप आणि पटकी यांमुळे युरोपीय कुटुंबांत तेव्हा मृत्यू वारंवार येत. आणि जी मुले जगत त्यांची ताटातूट वेगळीच होती. मिशनऱ्यांची मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना युरोपात पाठवावे, असा बासेल मिशनचा नियम १८५० च्या दशकात झाला. बासेलला त्यांच्यासाठी मुलांचे घर उघडण्यात आले. सहा-सात वर्षांचे मूल आईच्या हातून सुटे ते थेट तारुण्यातच पुन्हा भेटे. कधी कधी भेटतही नसे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहा. हेरमान गुंडर्ट हे केरळात तलश्शेरी येथे काम करणारे बासेलचे मिशनरी होते. मल्याळम भाषेचा मोठा कोश त्यांनी केला. तो १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची मुलगी मारी हिचा जन्म १८४२ मध्ये तलश्शेरीला झाला. चार वर्षांची असताना आई-वडिलांनी तिला युरोपात नेऊन ठेवले आणि ते कामावर परतले. त्यानंतर ती भारतात आली ती १८५७ मध्ये, पंधरा वर्षांची होऊन. आई-वडिलांची तिला नव्याने ओळख करून घ्यावी लागली. याच मारीचा मुलगा म्हणजे हेरमान हेस्से. त्यांना १९४६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे वडीलही काही वर्षे मंगळूरला मिशनरी होते.

आपल्या मराठीशी संबंधित असेही एक उदाहरण आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये मराठी कोश काढला. या कामात त्यांना वैजनाथ पंडितांचे मोठे साहाय्य होते. कॅरी १७९३ मध्ये इंग्लंडहून निघाले, तेव्हा त्यांची पत्नी डोरोथी यायला तयार नव्हती. मुले लहान होती आणि आणखी एक बाळ होऊ घातले होते. कॅरी थोरल्या मुलाला घेऊन निघालेही. पण परवान्याच्या अडचणीमुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले. मधल्या काळात बाळ जन्मले. शेवटी बहीण सोबत येणार असेल तर येते, अशा अटीवर डोरोथी निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर दगावला. त्या धक्क्यातून डोरोथी कधीच सावरल्या नाहीत. त्यांचे मन बिघडले ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तसेच राहिले. कॅरी यांच्या ग्रंथांची यादी आपण पाठ करतो, तेव्हा डोरोथी यांचे नाव कोणी घेत नाही.

म्हणून मित्रहो, थोरांची चरित्रे वाचताना त्यांच्या घरातल्या माणसांकडेही पाहत जा. जाण्याचा निर्णय एकाचा असतो, पण जावे साऱ्या घराला लागते. आणि त्यात लहान मुलांना कोणी विचारत नाही.

शब्दांचा डोंगर

किटेल यांनी प्रथम जुने ग्रंथ हाती घेतले. तेराव्या शतकातील केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ हे कन्नड व्याकरण त्यांनी १८७२ मध्ये संपादून छापले. १८७५ मध्ये नागवर्माचा ‘छंदोंबुधी’ हा छंदशास्त्राचा ग्रंथ काढला. ताडपत्रांवरच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून, चुका काढून शुद्ध प्रत तयार करणे हे अतिशय कष्टाचे काम असते. संस्कृत कोशांमध्ये द्राविडी भाषांतून आलेले शब्द किती आहेत, यावरही त्यांनी लेख लिहिला. भाषा एकमेकींकडून शब्द घेतात आणि देतात, कोणतीच भाषा एकट्याने मोठी होत नाही, हे त्यांना फार लवकर दिसले होते.

याच सुमारास नव्या कन्नड-इंग्रजी कोशाचे काम त्यांच्याकडे आले. १८७७ मध्ये ते प्रकृतीच्या कारणाने जर्मनीला परतले. कोश मात्र पुरा झाला नव्हता. पुस्तकांतले शब्द जमले होते. बोलण्यातले शब्द हवे होते आणि ते जर्मनीत बसून मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा १८८३ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, किटेल पुन्हा भारतात आले. पहिल्या वेळी आले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि संस्थेने पाठवले म्हणून आले होते. या वेळी त्यांना ओढून आणले ते अपुऱ्या राहिलेल्या कोशाने. प्रकृती पूर्वीसारखी नव्हती, डोळेही त्रास देत होते. तरी नऊ वर्षे त्यांनी नेटाने काम केले आणि १८९२ मध्ये ते कायमचे परत गेले.

१८९४ मध्ये मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्यातून हा कोश बाहेर पडला. सतराशेहून अधिक पाने आणि सुमारे ७०,००० शब्द! संगणक नाही, टंकलेखन यंत्राची सोय नाही. प्रत्येक शब्द हाताने लिहायचा, वर्णानुक्रमे लावायचा आणि पुन्हा तपासायचा. शब्द कन्नड लिपीत, अर्थ इंग्रजीत, जुन्या काव्यांतील दाखले, शेकडो म्हणी आणि तमिळ, तेलुगू, मल्याळम, तुळू या बहिणभाषांतील जोडशब्द अशी त्याची मांडणी आहे.

आपल्या दृष्टीने त्यात एक विशेष गोष्ट आहे. कोणता शब्द कोणत्या भागात बोलला जातो याची नोंद किटेल यांनी ठिकठिकाणी केली आहे. त्यात ‘दक्षिण मराठा’ अशी एक खूण आहे. इंग्रजांच्या दप्तरात धारवाड-बेळगाव या भागाला हेच नाव होते. म्हणजे आपल्या गल्लीत आणि आपल्या बाजारात ऐकू येणारे शब्द त्या कोशात वेगळे ओळखता येतात. मराठीतून कन्नडात गेलेल्या शब्दांपुढेही तशी नोंद आहे. उलट आपण घरी अण्णा, अक्का म्हणतो, भातावर तूप वाढतो, अडकित्त्याने सुपारी कातरतो, ते शब्द कन्नडकडून मराठीत आले असे अभ्यासक मानतात. दोन भाषांची ही देवघेव शेकडो वर्षांची आहे.

अखेरची वर्षे

१८९६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाने किटेल यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यांचे काम मात्र थांबले नव्हते. प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक अशा कन्नडच्या तिन्ही रूपांचे व्याकरण त्यांनी लिहिले. ते १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्युबिंगेन येथे त्यांचे निधन झाले. शेवटचे पुस्तक हातावेगळे करूनच त्यांनी डोळे मिटले.

त्यांच्या कोशाची सुधारलेली आवृत्ती मद्रास विद्यापीठाने मरियप्प भट्ट यांच्या संपादनाखाली चार खंडांत काढली; तिचे काम १९७१ मध्ये पूर्ण झाले. बेंगळूरला महात्मा गांधी रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे. आणि धारवाडात त्यांच्या नावाची महाविद्यालये आहेत.

आपण काय घ्यावे?

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात, तर दाराबाहेर कन्नड. काही जणांना हे ओझे वाटते. पण याच धारवाडात १८९६ साली जन्मलेले द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि ते कन्नडचे थोर कवी झाले. त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. किटेल यांना तर दोन्ही भाषा परक्या होत्या. त्यांना जी भाषा शिकण्यासाठी आई-वडिलांचा कायमचा निरोप घ्यावा लागला, ती आपल्याला शेजारच्या अंगणात मिळते.

आज आपल्या शाळेतून शिकून गेलेली कितीतरी मुले पुणे, मुंबई, आखाती देश आणि अमेरिकेत आहेत. उद्या तुमच्यापैकीही अनेक जण जातील. जाण्याची तयारी करताना सामानाबरोबर तिथल्या लोकांची भाषा शिकण्याची तयारीही ठेवा. आणि ज्यांना मागे ठेवून जाल त्यांना वेळेवर फोन करा. किटेल यांच्या घरच्यांना ती सोय नव्हती.

पुढच्या सुट्टीत एक काम जरूर करा. आजी-आजोबांजवळ बसा आणि घरात बोलले जाणारे, पण पुस्तकात न दिसणारे पंचवीस शब्द वहीत लिहून काढा. शेजारच्या कन्नड मित्राला त्यांचे प्रतिशब्द विचारा. कोशाचे काम असेच सुरू होते. वही वर्गशिक्षकांना दाखवा. निवडक शब्द पुढील अंकात छापण्याचा प्रयत्न करू.